दारावरचं घरटं

स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ बंदरातून तक्रार आली होती, 'दारावर सीगलचं घरटं आहे, बाहेर पडता येत नाही.' नगरपालिकेचा स्ट्रुअन छत्री उघडूनच पायरीवर चढला. मादी त्याच्यावर झेपावतच होती.

"मोरागबाई, अंडी घातलीत हिने," तो दारातल्या टपाल टाकायच्या फटीतून ओरडला. "आता कायद्याने ऑगस्टपर्यंत हात लावता येत नाही. मार्चातच छज्ज्यावर काटे बसवले असते तर ही वेळ आली नसती! पण छत्री धरली की ती काही करत नाही. ही माझी ठेवा तोवर. दार उघडा बघू."

आत पावलं वाजली. फटीशी दोन डोळे आले.

"छत्री आहे हो घरात," बाई हळूच म्हणाली. "किल्ली तेवढी नवरा खिशात घालून कामावर जातो."