चुलीजवळची नवरी

"गुडघा वाजला. हा ओनेझिम," लेआंद्र म्हणाला आणि ओनेझिमला मुखवटा काढावाच लागला. नाव बरोबर निघालं की तोंड उघडं करायचं, हाच खेळ. आता लेआंद्रच्या स्वयंपाकघरात एकच पाहुणा झाकलेला उरला होता: उशा कोंबून फुगवलेली, जुन्या पडद्याचा झगा घातलेली एक धिप्पाड नवरी. त्या झग्यात लेआंद्रचा धाकटा भाऊ मेदेरिक होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता.

वडिलांची होडी मेदेरिकने परस्पर विकून टाकली, तेव्हापासून दोघा भावांत अबोला होता. "माझ्या दारात दिसलास तर गचांडी धरून बाहेर काढीन," असं लेआंद्र भर धक्क्यावर बोलला होता आणि तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. पण बेटाभोवतीचा बर्फ फुटू लागला, मिकारेमच्या सणाचे मुखवटे घरोघर निघाले आणि मेदेरिकला राहवेना. भावाच्या चुलीशी घटकाभर बसायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने पायात बायकोचे बूटही कोंबले होते.

लेआंद्रने नवरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्थळ वजनदार आहे. कोणाची गं तू?"

"तुमचीच म्हणा," नवरी श्वास आत ओढत चिरकली. सगळे हसले. ओनेझिम मात्र एकदम छताकडे बघू लागला.

"हरलो बुवा," लेआंद्र म्हणाला. "या बाईला मी जन्मात पाहिलेलं नाही. झेली, हिला चुलीजवळची खुर्ची दे. आणि साखरेच्या वड्या दे, भरपूर."

मेदेरिक पोटभर वड्या खाऊन, वहिनीच्या हातची रम पिऊन बाहेर पडला. त्याचा आनंद गगनात मावेना. लेआंद्रला चकवलं, आता अख्ख्या बेटाला चकवीन, अशा तोऱ्यात तो शेजारच्या अंगणात शिरला.

फिलोमेन मावशी जाड भिंगांचा चष्मा पुसत दारातच उभी होती. "ये रे मेदेरिक. बूट चावतायत वाटतं?"

"ओळखलंस कसं गं, मावशी?"

"त्यात ओळखायचं काय? तुझं ते बदकासारखं चालणं शेंबडं पोरही ओळखेल."

मेदेरिक जागच्या जागी थबकला. मग त्याने मुखवटा काढून मावशीच्या हातात दिला आणि झगा सावरत, उघड्या तोंडाने, आल्या वाटेने परत गेला.

दार लेआंद्रनेच उघडलं.

"आता ओळखू का रे तुला?" त्याने विचारलं.