अर्धं झाकण

“बाबा, बाळाला खाली ठेवा. आत्ताच्या आत्ता!” सून ओरडली.

सासऱ्यांनी दचकून बाळ पलंगावर ठेवलं. बाळाच्या पोटावर आणि मांड्यांवर लाल चट्टे उठले होते. जांघेत तर कातडी सोलवटल्यासारखी दिसत होती. चार महिन्यांचा जीव रडून रडून कासावीस झाला होता.

“काल रात्रीपर्यंत काही नव्हतं गं,” सासरे म्हणाले.

“हात बघा तुमचे. त्यापेक्षा पॉलिशपेपर बरा!”

बोलून गेली ती. चाळीस वर्षं लाकडी सामानाला पॉलिश करून सासऱ्यांच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, हे काही तिला आज कळलं नव्हतं. बाळंतपणाची रजा संपून ती इस्पितळात पुन्हा रुजू झाली, नवरा कामासाठी परगावी, तेव्हा बाळाच्या मालिशचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आधी स्वतःच्या गालाला हात लावून ते गरम आहेत ना बघायचे, मगच बाळाला हात लावायचे.

तिने बाळाचं अंग कोमट पाण्याने धुतलं आणि त्याला घेऊन थेट आपलं इस्पितळ गाठलं.

“तेल कोणतं लावता?” डॉक्टरांनी विचारलं.

“साधं खोबरेल.”

उत्तर देतानाच तिला आठवलं. मैत्रिणीने एक इवलीशी बाटली भेट दिली होती, फुलांच्या अर्काची. वर लिहिलं होतं, ‘शंभर टक्के नैसर्गिक, शांत झोपेसाठी’. बाळ रात्र रात्र झोपत नव्हतं. तीन दिवसांपूर्वी ड्यूटीला निघण्याच्या गडबडीत तिने त्यातलं अर्धं झाकण सासऱ्यांच्या खोबरेलात ओतलं होतं. कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

शब्द अगदी ओठांवर आले. पण टेबलापाशी तिच्याच वॉर्डातल्या दोघी सिस्टर उभ्या होत्या. आणि दर मंगळवारी नव्याने आई झालेल्या बायकांना बाळाची काळजी कशी घ्यायची ते शिकवायची ती स्वतः.

“सासऱ्यांचे हात जरा खरखरीत आहेत,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मलम दिलं, मालिश काही दिवस बंद ठेवायला सांगितलं. घरी येऊन तिने ते तेल मोरीत ओतलं आणि तेलाची बाटली घासून ठेवून दिली. सासऱ्यांनी बाटलीबद्दल काही विचारलं नाही. “डॉक्टर काय म्हणाले?” एवढंच विचारलं.

“मालिश नको म्हणाले.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

चट्टे चार दिवसांत ओसरले. सासऱ्यांनी मात्र बाळाला घेणं सोडलं. बाळ त्यांच्याकडे झेपावलं की ते दोन्ही हात पाठीमागे धरायचे आणि तोंडाने नाही नाही ते आवाज काढून त्याला हसवायचे. एके संध्याकाळी ती मोरीत डोकावली, तर ते टाचा घासायच्या वजरीने तळवे घासत बसले होते. एका भेगेतून रक्त येत होतं.

“बाबा, हे काय?”

“मऊ पडतायत का बघतोय.”

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

मंगळवारी वर्गात अकरा जणी होत्या. हातात रबरी बाहुली धरून ती नेहमीप्रमाणे सांगत होती. तेल साधं घ्या, बिनवासाचं. आधी बाळाच्या हातावर थेंबभर लावून एक दिवस वाट बघा. लाल झालेल्या कातडीला तेल लावू नका. मागच्या रांगेतल्या एका मुलीने पिशवीतून बाटली काढली. तशीच, इवलीशी.

“सिस्टर, हे घातलं तर चालेल ना? नैसर्गिक आहे.”

“नाही चालणार. नैसर्गिक असलं म्हणून बाळाला सोसेलच असं नाही. असे अर्क फार कडक असतात, तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायचेच नाहीत.” ती थांबली. “माझ्या बाळाच्या अंगावर यानेच चट्टे उठले. मीच घातलं होतं तेलात. आणि नाव दुसऱ्याचं घेतलं.”

दारात त्या दिवशीच्या दोघींपैकी एक सिस्टर उभी होती, तिने मान खाली घातली.

घरी जाताना बाबांना कसं सांगायचं ते ती मनात जुळवत होती. मग एकाएकी तिच्या मनात आलं, त्या अर्काचा केवढा घमघमाट सुटायचा! झाकण उघडलं की खोली भरून जायची. बाबांना वास आलाच असणार. ओळखलं असणार त्यांनी. सुनेचं नाव खराब होऊ नये म्हणूनच ते गप्प बसले. दारापाशी पोचेपर्यंत तिला याची जवळजवळ खात्री पटली होती. छातीवरचं ओझंही थोडं हलकं झालं होतं.

सासरे पाळण्याशेजारी बसून चमच्याने वाटी वाजवत होते. बाळ खिदळत होतं.

“बाबा, तुमच्या हातांनी काही झालं नव्हतं. तेलात मी अर्क घातला होता. डॉक्टरांसमोरच आठवलं होतं मला. तरी बोलले नाही.”

चमचा थांबला.

“तुम्हाला तर वास आलाच असेल,” ती घाईघाईने म्हणाली. “तरी तुम्ही मला सांभाळून घेतलंत.”

त्यांनी हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

“नाही गं पोरी,” ते म्हणाले. “पॉलिशच्या कामात माझं नाक कधीच गेलं. बारा वर्षं कसलाच वास येत नाही. तुझी सासू होती, तिलासुद्धा कधी सांगितलं नाही.” त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. “मला खरंच वाटलं, माझ्याच हातांनी झालं.”