झकास म्हणायचं नाही

"कुणी विचारलं, तर झकास म्हणायचं. दुखणं उंबऱ्याच्या आत, हसू उंबऱ्याच्या बाहेर."

खाणीच्या वस्तीत नेटाची आई सगळ्या पोरांना हे बजावायची. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या त्या गावातली खाण बंद पडली, म्हातारी मातीआड गेली. पण तो आवाज नेटाच्या नवऱ्याच्या, विल्फच्या कानातून काही जाईना.

"तपासणीत झकास म्हणाला नाहीस ना?" नेटाने आज पुन्हा नवऱ्याला विचारलं.

"नाही म्हटलं ना, बाई."

"जिन्याचं काय सांगितलंस?"

"दोन पायऱ्या चढलो की बसतो."

"आणि आंघोळ?"

विल्फने मान खाली घातली. "बायको घालते, म्हणालो. त्या कोवळ्या पोरीसमोर."

"शाब्बास!"

आजारपणाचा सरकारी भत्ता चालू राहणार, की कोळशाच्या धुळीने भरलेली छाती घेऊन विल्फला काम शोधत फिरावं लागणार, एवढंच आता कळायचं होतं. नेटाने त्याच्याकडून खरं बोलणं पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. नावाप्रमाणेच नेटाची बाई. तपासणीभर ती बाहेर बाकावर बसली होती. तपासणारी पोरगी भली. दारापर्यंत सोडायला आली, नेटाशीही दोन शब्द बोलली.

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय गं नेटा, कसा आहे म्हातारा?"

"झकास!" नेटाने कपात चहा ओतला.

टेबलावरचा फोन थरथरला. नेटाने संदेश वाचला. मग ओठ हलवत पुन्हा वाचला.

"'काम करण्यास सक्षम.' भत्ता बंद."

तिने किटली आदळली. "म्हणालासच तू! जित्याची खोड!"

विल्फ टेबलाला धरून उठला, खुंटीवरचा कोट अंगात चढवला.

"कुठे निघालास?"

"अपील करायला. पुन्हा सगळं सांगेन. आंघोळीचंसुद्धा."

"मग मीही येते. या खेपेला आत मी बसणार, बोलणारही मीच."

"नको, नेटा."

"का नको?"

उंबऱ्यापाशी विल्फ थांबला. नेटा सवयीने त्याच्या कोटाची बटणं लावू लागली. धाप ओसरेपर्यंत तो तिच्या बोटांकडे पाहत राहिला.

"त्या दिवशी निघताना पोरीने तुला विचारलं, घरी कसं चाललंय यांचं."

बोटं बटणावर थबकली.

"तू म्हणालीस, 'झकास गं, पोरी! घोडा आहे माझा, घोडा!'"