चौथा पत्ता

आपल्या नावावर कुणा चोराने कर्ज उचलू नये, म्हणून वर्लीनने कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला क्रेडिट गोठवायला फोन लावला.

"आधी ओळख पटवू या, मॅडम. यातल्या कुठल्या पत्त्यांवर राहिलात?" पलीकडच्या मुलीने नेब्रास्कातले तीन पत्ते वाचले. "चौथा दुसऱ्या राज्यातला, टूसॉन शहरातला, सगुआरो रस्ता. मागच्याच महिन्यात नोंदलाय, वीजजोडणी घेताना."

"टूसॉन? मी तर कधी..." वर्लीन थांबली. चार वर्षांपूर्वी तिची लेक डेला भांडून गेली. वळचणीची चिमणी उडावी तशी गेली. पत्र नाही, फोन नाही. जाताना आईचं ओळखपत्र तेवढं घेऊन गेली होती.

"म्हणजे चोरच तो. गोठवते हं लगेच."

"नको गं पोरी. तिथं मीच राहते," वर्लीन म्हणाली. "घर नंबर तेवढा आठवेना. सांगतेस?"