पायरीवरची सायबीण

सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती रोज संध्याकाळी पुढच्या घरी जायची आणि आदल्या घरच्या बाईनंच ती पोचवायची, अशी वाडीची रीत. आज पुढचं घर फिलुमेनाच्या जावेचं, सेवरिनचं होतं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलणं, न्हाऊ घालणं फिलुमेनानं एकटीनं केलं. भिंतीपलीकडची जाव मातीलाच तेवढी आली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दिवसभर मालवणच्या बाजारात मासळी विकून फिलुमेनाची कंबर धरली होती. मूर्ती द्यायची आणि मुकाट परतायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण सेवरिन दारातच पडली होती. मेणबत्ती लावायला उठताना गुडघ्यांनी दगा दिला होता. “आधी सायबिणीक आत घेवन जा,” ती खालमानेनं म्हणाली. फिलुमेनानं सायबीण पायरीवर टेकवली, जावेच्या काखांत हात घातले आणि सवयीनं तिला उचललं. “सासू तुझ्यापरास हलकी होती गो.”