रस्ता गप्प होता तो दिवस

उत्पलाच्या प्रयोगात एकमेकांत गुंतलेले प्रकाशाचे दोन जुळे कण वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका काचेवर भेटायचे. त्यांच्या भेटीची लाट आलेखात उमटायला हवी होती, पण प्रयोगशाळेला लागूनच हमरस्ता होता. बस गेली, लॉरी गेली, की आरसे सुईच्या टोकाएवढे थरथरायचे आणि सगळी मेहनत मातीमोल व्हायची. दोन वर्षं हेच चाललं होतं.

वेगळ्या तेलंगणा राज्यासाठी हैदराबादेत पुन्हा एकदा बंद पुकारला गेला, त्या सकाळी ती हिमायतनगरच्या घरातून चालतच निघाली.

"बंदच्या दिवशी कोण जातं गं ड्युटीला?" आई, विमलाबाई, दारात येऊन म्हणाली.

"आई, आज रस्ता गप्प राहील. असा दिवस परत मिळायचा नाही."

"मग जा माय. होऊ दे तुझ्या मनासारखं."

फोन नेहमीसारखा बाहेरच्या कपाटात ठेवून उत्पला आत गेली. दुपारी आलेखात लाट उमटली, एकाही थरथरीशिवाय, स्वच्छ. त्या अंधाऱ्या खोलीत ती एकटीच हसली, मग रडली. पहिल्यांदा आईलाच सांगायचं म्हणून तिने बाहेर येऊन घाईघाईने घरी फोन लावला.

वडिलांनी उचलला. तातेरावांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"आई गेली, माय. छातीत कळ आली म्हणून मी आटो बघायला नारायणगुड्यापर्यंत पळालो. सगळी सडक सुनसान होती."