फादरचं व्रत

अंजनाचा नवरा सहा वर्षांपूर्वी तिला टाकून नागपुरात दुसरीसोबत राहायला गेला. त्याला तिकडे दोन लेकरंही झाली. आता परसवाड्याचे विधुर मास्तर टिकाराम तिच्याशी लग्नाला तयार होते, म्हणून ती बालाघाटच्या चर्चमध्ये फादरना विचारायला आली.

"नवरा जिवंत आहे तोवर दुसरं लग्न नाही," फादर म्हणाले. "एकटं राहणं हीसुद्धा देवाची सेवाच आहे, अंजना. मी राहतोच ना?"

"हे व्रत घ्याच्या आधी तुमाले विचार कराले किती दिवस भेटले, फादर?"

"नऊ वर्षं."

अंजना ताडकन उठली. बाहेर थांबलेल्या टिकारामकडे जाता जाता ती दारातून वळली.

"अन् मले तुम्ही ते उभ्याउभ्या देऊन राह्यले."